माडीवरची सागवानी जमीन करकरते, फुगते, दबते: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

हा मजकूर जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यासाठी आहे. खाली भिंतीत रोवलेल्या लाकडी कड्या (आडव्या तुळया), त्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या सागाच्या रुंद फळ्या, अशी ही रचना. पुणे, वाई, साताऱ्याकडच्या वाड्यांत, कोकणातल्या माडीच्या घरांत आणि गिरगावाकडच्या जुन्या इमारतींत ती आजही सापडते. फळी साधारण एक ते दीड इंच जाड आणि आठ ते बारा इंच रुंद असते. कड्या फूट-दीड फूट अंतरावर असतात. अशी जमीन बिघडली की पहिला विचार पॉलिशचा येतो, दुसरा वरून टाइल्स टाकण्याचा. दोन्ही गोष्टी जरा थांबवा. आधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

- ठरावीक जागी पाय पडला की करकर होते, बाकी जमीन गप्प असते.
- जून-जुलैत फळ्यांच्या कडा उचलतात आणि मध्ये खोलगटपणा येतो. दिवाळीनंतर फळ्या पुन्हा सपाट होतात.
- एप्रिल-मेमध्ये दोन फळ्यांमध्ये नाणं उभं जाईल एवढी फट पडते.
- चालताना शोकेसमधली भांडी वाजतात, जमीन झोके घेतल्यासारखी वाटते.
- बाहेरच्या भिंतीलगत फळी काळी पडते, दबते किंवा भिंतीपासून सुटते.
- खिळ्यांभोवती काळे डाग पडतात.
- फळीवर किंवा खालच्या खोलीत बारीक भुसा, दाणे किंवा मातीच्या रेघा दिसतात.

पहिली तीन लक्षणं बहुतेक वेळा घरच्या घरी किंवा एखाद्या चांगल्या सुताराकडून दुरुस्त होतात. चौथं आणि पाचवं गंभीर असू शकतं. पाचवं आणि सातवं एकत्र दिसलं तर थेट खालच्या "इथे थांबा" या भागावर जा.

१. तारीख लिहा. खर्च शून्य.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बिघाडाची नोंद ठेवा: कुठल्या फळीला, कुठल्या महिन्यात, काय झालं. फळीच्या कडेला पेन्सिलीने खूण करून फट मोजा. हे महत्त्वाचं आहे, कारण लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं. मुंबई-कोकणात ऐन पावसाळ्यात घरातल्या लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो, तर देशावर एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो ७-८ टक्क्यांपर्यंत उतरतो. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, तरी ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक पडला की नऊ इंची फळी रुंदीत २ ते ३ मिलिमीटर फुगते किंवा आक्रसते. म्हणजे उन्हाळ्यातली २-३ मिलिमीटरची फट हा बिघाड नाही, लाकडाचा स्वभाव आहे.

या फटींत मे महिन्यात लांबी (पुट्टी) किंवा एम-सील भरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. पावसाळ्यात फळीला पसरायला जागा उरत नाही. मग ती कडेला चिरडते किंवा खिळ्यासकट वर उचलते, आणि भरलेली लांबी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. एखादी फट खरोखर मोठी असेल, म्हणजे पावसाळ्यातही ४-५ मिलिमीटरच्या खाली येत नसेल, तर तिच्यात सागाची पातळ पट्टी बसवावी. पट्टीच्या एकाच बाजूला गोंद लावायचा, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. हे काम डिसेंबर-जानेवारीत करावं. तेव्हा लाकूड ना फार फुगलेलं असतं, ना फार सुकलेलं.

नोंदीतून आणखी एक गोष्ट कळते. बिघाड फक्त जून ते सप्टेंबर दिसत असेल, तर पाणी पावसाचं आहे. मे महिन्यातही ओल असेल, तर पाणी घरातलं आहे. पुढची सगळी शोधाशोध या एका भेदावर चालते.

२. पाणी कुठून येतंय ते शोधा

घरातल्या पाण्यापासून सुरुवात करा. लाकडी जमीन बादलीभर पाण्याने पुसली जाते का? घट्ट पिळलेलं फडकं चालतं, ओलं पोछा-मॉप नाही. जाड सतरंजी, प्लॅस्टिकची चटई किंवा रबर लावलेला गालिचा अंथरला असेल तर तो आठवडाभर उचलून ठेवा. त्याखाली अडकलेली ओल वर जाऊ शकत नाही. झाडांच्या कुंड्या, माठ, एसीची पाणी सोडणारी नळी यांच्या भोवतालच्या फळ्या हाताने चाचपून पाहा.

नंतर मोरी. जुन्या घरांत माडीवर मोरी किंवा संडास नंतर बांधलेला असतो, आणि तो बहुधा दिवाणखान्याच्या भिंतीला लागूनच असतो. त्याचा उतार बिघडला किंवा जाळीभोवतालचा सिमेंटचा थर फुटला की पाणी कड्यांवरून आडवं धावतं आणि चार-पाच फुटांवर उगवतं, त्यामुळे संशय मोरीवर जात नाही. तपासायला बादलीभर पाण्यात खाण्याचा लाल रंग मिसळून ते मोरीत हळूहळू ओता आणि दोन दिवस खालच्या खोलीतून बॅटरीच्या उजेडात कड्या बघत राहा. लाल ओघळ दिसला की प्लंबर आणि गवंडी बोलवा. सुताराचं काम त्यानंतरच.

खालच्या खोलीत स्वयंपाकघर असेल आणि वाफ बाहेर जायला वाट नसेल, तर ती वाफ फळीच्या खालच्या अंगाला लागते. खालचं अंग फुगतं, वरचं कोरडं राहतं, म्हणून कडा उचलतात. इथे उपाय खालच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखा आहे, रंधा नाही.

पावसाच्या पाण्यासाठी तीन जागा बघा: कौलं किंवा पत्र्याचा जोड, खिडकीची उंबरठ्याकडची फट आणि बाहेरची भिंत. महाराष्ट्रात झड मुख्यतः नैऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी. तिसऱ्या जागेवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथूनच होतं.

जुन्या भिंती मातीच्या, विटांच्या किंवा चुन्यात बांधलेल्या दगडांच्या असतात. त्या पावसात ओल शोषतात आणि उन्हात बाहेर टाकतात. त्यांना चुन्याचा गिलावा मानवतो, कारण चुना ओल अडवून धरत नाही. अशा भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट लावला की चक्र तुटतं. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट राहत नाही. मग ते भिंतीत ज्या ठिकाणी सर्वांत मऊ वस्तू आहे तिथे साठतं, आणि ती वस्तू म्हणजे कडीचं भिंतीत रोवलेलं टोक. फळीवर काळा डाग दिसेपर्यंत टोक आतून बरंच खराब झालेलं असू शकतं. म्हणून दिवाणखान्याचं नूतनीकरण करताना बाहेरच्या भिंतीला सिमेंट थापू नका. आधीच थापलं असेल तर निदान कड्यांच्या टोकांच्या रांगेत, वर-खाली फूटभर पट्टा खरवडून तिथे चुन्याचा गिलावा करून घ्या.

३. ओलावा मोजा

टोचणारा ओलावामापक हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. या कामातला हा सर्वांत वसूल होणारा खर्च आहे. प्रत्येक ओळीत तीन जागी मोजा: बाहेरच्या भिंतीलगत, खोलीच्या मध्ये आणि आतल्या भिंतीलगत. स्वस्त मापक बहुधा पाइन लाकडासाठी जुळवलेले असतात, त्यामुळे सागावरचा आकडा थोडा मागेपुढे होतो. आकड्यापेक्षा फरक बघा. तिन्ही जागी फरक २-३ टक्क्यांत असेल तर तो ऋतूचा परिणाम. भिंतीलगत ५ टक्के किंवा त्याहून जास्त उडी असेल तर तिथे पाण्याचा स्रोत आहे.

२० टक्के ही रेघ लक्षात ठेवा. त्याखाली लाकूड कुजवणारी बुरशी तग धरत नाही. त्याहून जास्त ओल महिनोन्महिने टिकली की कुजण्याची भीती खरी ठरते. त्यामुळे स्रोत बंद केल्यावर कमीत कमी एक कोरडा ऋतू जाऊ द्या आणि मगच फळीला हात लावा. हीटर किंवा पंखे लावून चार दिवसांत सुकवू नका. वरचं अंग झटकन सुकतं, आतलं ओलं राहतं आणि फळी फाटते.

४. करकर

ओलाव्याचं उत्तर मिळाल्यावर आवाजाकडे वळा. एकाने वर हळूहळू चालायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून कान आणि बॅटरी लावायची. खालून छत उघडं असेल तर हलणारी फळी डोळ्यांनी दिसते. जिथे आवाज येतो तिथे खडूने फुली मारा.

करकरीची कारणं तीन. फळीची कड शेजारच्या फळीवर घासते. खिळ्याचं भोक मोठं झाल्यामुळे फळी खिळ्यावर वर-खाली सरकते. किंवा कडी सुकून आक्रसल्यामुळे फळी आणि कडी यांच्यामध्ये पोकळी पडते.

पहिल्या कारणावर शंखजिऱ्याची पूड किंवा साधी टाल्कम पावडर पुरते. फटीत ओता, वर जुनं फडकं ठेवा, त्यावर पाय देऊन दाबत राहा, उरलेली पूड झाडून टाका. तेल ओतू नका. तेल धूळ धरतं आणि नंतर पॉलिश त्या जागी बसत नाही.

तिसऱ्या कारणावर खालून पाचर. सागाची निमुळती, टोकाला दोन मिलिमीटर जाडीची पाचर घ्या, तिला लाकडाचा गोंद लावा आणि फळी व कडी यांच्या फटीत हाताने सरकवा. हातोडीने ठोकून घुसवली तर फळी उचलली जाते आणि शेजारी नवीन करकर तयार होते. हाताला अडली की पुरे.

दुसरं कारण सर्वांत जास्त आढळतं आणि तिथेच बहुतेक जण चुकतात: जुन्या खिळ्याशेजारी नवा खिळा ठोकतात. तो वर्षभरात सैल होतो, कारण फळी ऋतूप्रमाणे हलत राहते आणि गुळगुळीत खिळा तिच्याबरोबर निघतो. इथे स्क्रू लागतो.

- इंचभर जाड फळीला ८ नंबरचा ५० मिलिमीटरचा स्क्रू घ्या, दीड इंचीला ६५ मिलिमीटरचा. स्क्रू कडीत निदान ३० मिलिमीटर जायला हवा.
- फळीत ४.५ मिलिमीटरचं आणि कडीत ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडा. फळीतलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवायचं कारण हेच की फळीला आडवं हलायला जागा मिळावी. भोक न पाडता स्क्रू घातला तर जुना साग धारेवर चिरतो.
- फळीच्या कडेपासून निदान दोन इंच आत राहा. दोन्ही कडांना घट्ट आवळलेली रुंद फळी सुकताना मधोमध फाटते.
- वर ८ मिलिमीटर खोल खड्डा करून स्क्रूचं डोकं आत घ्या आणि सागाचा गोल डाट, रेषा फळीच्या रेषेला जुळवून, बसवा.
- पितळी स्क्रू दिसायला शोभतात, पण सागात वळता वळता तुटतात. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत-बाहेर करून वाट तयार करा, मग मेण लावून पितळी बसवा. साधा लोखंडी स्क्रू कायमचा ठेवू नका. ओल लागली की लोखंड आणि सागातली द्रव्यं मिळून काळा डाग पडतो.

स्क्रू घालण्याआधी खाली कडीच्या अंगाने विजेची वायर गेली आहे का ते बघा. जुन्या घरांत लाकडी पट्टीतली वायरिंग थेट फळीच्या खाली असते. खात्री नसेल तर मेन स्विच बंद करून काम करा.

साग तेलकट असतो, म्हणून गोंद नीट धरत नाही. पाचर, पट्टी, डाट यांपैकी काहीही चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसा, वाळू द्या आणि लगेच गोंद लावा.

५. झोका आणि दाब

कडी ज्या दिशेने गेली आहे त्या दिशेने, भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी ताणा. दोन्ही टोकांना सारख्या उंचीचे, समजा दोन सेंटिमीटरचे, ठोकळे ठेवा. मध्ये दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून दोन सेंटिमीटर वजा करा. उरलेला आकडा म्हणजे दाब, कडी मध्ये किती खाली गेली आहे ते माप. बारा फुटांच्या कडीला एक सेंटिमीटरपर्यंत दाब चालतो. जुन्या कड्यांत दोन-अडीच सेंटिमीटरही सापडतो, कारण लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वजन सोसत हळूहळू वाकतं. तो दाब स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही. वाढत असेल तर आहे. म्हणून आकडा लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजा.

झोक्यासाठी सोपी चाचणी: खोलीच्या मध्ये टाचा उचला आणि धप्पकन टेका. शोकेस वाजली किंवा कपाटाचं दार हललं, तर कड्या लवचिक झाल्या आहेत किंवा एकमेकींना आधार देत नाहीत. पहिला उपाय फुकटचा आहे. लोखंडी कपाट, पुस्तकांचा रॅक, भरलेला पलंग खोलीच्या मध्यातून भिंतीलगत हलवा. तेवढ्याने बराच फरक पडतो. त्यानंतर खालून दोन कड्यांच्या मध्ये, त्यांच्याच उंचीचे आडवे लाकडी ठोकळे घट्ट बसवून घ्यावेत, लांबीच्या मधोमध एक रांग. एका कडीवर आलेलं वजन मग शेजारच्या दोन-तीन कड्यांत वाटलं जातं. हे सुताराचं काम आहे, पण कड्या शाबूत असतील तरच.

इथे टाइल्सचा हिशेब मांडतो, कारण नूतनीकरणात हा प्रश्न हमखास येतो. दोन इंच जाड सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो, वरच्या टाइल्स आणखी २०-२३ किलो. म्हणजे १२ फूट बाय १५ फूट खोलीत दोन टन. राहत्या घराच्या जमिनीवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार भारतीय मानकांत धरला जातो. टाइल्सनीच त्याच्या निम्म्याहून जास्त वाटा खाल्ला आणि तोही कायमचा. शिवाय सिमेंटचा थर फळीचं वरचं अंग बंद करतो, त्यामुळे खालून येणारी ओल फळीतच मुरते. लाकडी कड्यांवर सिमेंट आणि टाइल्स टाकू नका. ज्यांनी टाकल्या आहेत त्यांनी खालून कड्या दर वर्षी तपासाव्यात.

तसंच खालच्या खोलीत पीओपीचं खोटं छत लावू नका. ते लावलं की कडीचं टोक डोळ्याआड होतं, गळती दिसत नाही आणि कड्यांना हवा मिळत नाही. वाड्यांमधली उघडी कडीपाटाची छतं दिसायला तर सुंदर आहेतच, पण ती उघडी राहिली म्हणून टिकली.

६. कडीचं टोक आणि कीड

शिडी घेऊन खालच्या खोलीत जा. प्रत्येक कडी जिथे भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. शाबूत लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. नंतर सुताराच्या टोच्याने हाताच्या जोराने टोचा. चांगल्या सागात टोक १-२ मिलिमीटर जातं. सहज सेंटिमीटरभर गेलं तर आतली घडण गेलेली आहे. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकलं असेल, तर ती कुजवणाऱ्या बुरशीची खूण आहे.

शंका उरली तर ४ मिलिमीटरचं बिट लावून कडीच्या बाजूने, उंचीच्या मधोमध, आडवं भोक पाडा. मधोमध अशासाठी की तिथे लाकडावर ताण सर्वांत कमी असतो. वरून किंवा खालून पाडू नका. बाहेर येणारा भुसा पिवळसर, कोरडा, चिवट असेल तर आत ठीक आहे. काळपट, ओला पिठूळ असेल किंवा बिट अचानक आत धावलं तर नाही.

कीड ओळखायची ती तिच्या खुणांवरून. मातीच्या नळ्या भिंतीवरून कडीकडे गेल्या असतील तर वाळवी. नळीचा दोन इंचांचा तुकडा मोडा आणि तीन-चार दिवसांनी बघा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्याइतकी बारीक भुकटी असेल तर ते भुंगेरे. ते सागाच्या बाहेरच्या फिकट भागात लागतात, आतलं पिवळं-तपकिरी काळीज सहसा सोडतात, त्यामुळे नुकसान बऱ्याचदा वरवरचं असतं. किनारपट्टीवर आणखी एक प्रकार दिसतो: माती नाही, भुकटी नाही, पण खसखशीसारखे कडक दाणे पडतात. ती कोरड्या लाकडातच घर करणारी वाळवी. ती जमिनीतून येत नाही, म्हणून पायाशी औषध टाकून जात नाही.

भुकटी जुनी की नवी हे कळायला भोकांखाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी बघा. कागद स्वच्छ राहिला तर भोकं जुनी, औषधाची गरज नाही.

रॉकेल, डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल लाकडावर ओतण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. ते करू नका. कीड तात्पुरती मागे सरते, पण आगीचा धोका घरात कायम राहतो, वास जात नाही आणि पॉलिश धरत नाही. वाळवीसाठी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि त्याला आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागाबद्दल विचारा. उभ्या इमारतींत वाळवी-प्रतिबंध कसा करायचा याचं ते भारतीय मानक आहे. फक्त दिसणाऱ्या नळ्यांवर फवारा मारून जाणारा माणूस काम अर्धवट सोडतो.

इथे थांबा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सुतार नाही, कंत्राटदारही नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा:

- कडीच्या टोकात टोचा सेंटिमीटरपेक्षा खोल जातो.
- कडीच्या खालच्या अंगाला, मधल्या भागात, आडवी तड आहे. लांबीच्या दिशेने गेलेल्या सुकण्याच्या चिरा वेगळ्या, त्या बहुधा निरुपद्रवी असतात.
- दोरीच्या मापातला दाब वाढत चालला आहे.
- जमिनीच्या रांगेत भिंतीला नवी भेग पडली आहे, किंवा खालचं दार अचानक अडकू लागलं आहे.
- दोनपेक्षा जास्त फळ्या उचलाव्या लागतील असं दिसतंय.

इंजिनिअर येईपर्यंत वरच्या खोलीतलं जड सामान काढा आणि त्या कडीखाली माणसं झोपणार नाहीत याची काळजी घ्या. खाली दुसरं कुटुंब राहत असेल तर त्यांना सांगणं हे तुमचं पहिलं काम. स्वतः टेकू देऊ नका. चुकीच्या जागी दिलेला टेकू कडी वर ढकलतो आणि शाबूत भाग तोडतो, आणि टेकूखालची जमीन ते वजन घेईल की नाही हेही पाहावं लागतं.

खराब टोक बदलण्याचं काम कसं व्हावं हे माहीत असावं, म्हणजे देखरेख करता येते. कुजलेला भाग शाबूत लाकूड लागेपर्यंत कापतात. बाजूने जुना, वाळलेला साग किंवा लोखंडी चॅनेल आरपार बोल्टने जोडतात. नवं टोक भिंतीत निदान चार इंच टेकलेलं असावं, खाली दगडी पाट, आणि बाजूंनी व टोकाशी सेंटिमीटरभर हवा. टोकाभोवती सिमेंट भरून "पक्कं" करू देऊ नका. तसं केलं की दुखणं पुन्हा सुरू होतं.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गातल्या उपकरप्राप्त (दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेत येते. तिथे कड्यांना हात लावण्याआधी मालक आणि मंडळ दोघांनाही लेखी कळवा. वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी लागते.

७. पॉलिश सर्वांत शेवटी

वरची सगळी उत्तरं मिळाली, एक पावसाळा जाऊन फळ्या सपाट झाल्या, की पॉलिशला हात घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. कडा उचललेल्या असताना, म्हणजे पावसाळ्यात, जमीन घासली तर उंच कडा कापल्या जातात. दिवाळीनंतर फळी सपाट झाली की त्याच कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. गेलेलं लाकूड परत येत नाही.

जुना तेलरंग असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरून चाला. रंग काढायच्या रसायनाने मऊ करून खरवडा, मास्क वापरा, लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका.

खिळ्यांची डोकी ३ मिलिमीटर आत ठोका, नाहीतर घासताना सँडपेपर फाटतो आणि ठिणगी उडते. घासायचं मोठं ड्रम मशीन जुन्या फळ्यांवर चालवू नका. ते एका जागी क्षणभर थांबलं तरी खड्डा पडतो. हातातलं ऑर्बिटल मशीन घ्या: ६० नंबरचा पेपर, मग ८०, मग १२०. काळे डाग राहिले तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड विरघळवून ब्रशने लावा, वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच. वाळल्यावर उरलेले पांढरे कण उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

लाख पॉलिश दिसायला छान, पण दिवाणखान्याच्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडला की पांढरं पडतं, आणि दमट हवेत लावलं तर लावतानाच धुरकट होतं. जाड पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग टणक असतं, मात्र फळी हलते तिथे ते सांध्यावर तडकतं आणि खराब झालं की सगळी खोली पुन्हा घासावी लागते. जुन्या रुंद फळ्यांना उकळलेलं जवसाचं तेल बरं: पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन समभाग, पुढचे दोन हात नुसतं तेल, प्रत्येक हात अगदी पातळ, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं आणि पुढच्या हाताआधी निदान दोन दिवस थांबायचं. जिथे झिजेल तिथेच पुन्हा लावता येतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि घडी घातलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा किंवा अंगणात एकेरी पसरून कडक वाळवा आणि मग फेका. मशीनच्या पिशवीतला भुसाही रोज संध्याकाळी घराबाहेर काढा. सोफा-कपाटाच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, आणि गालिचा महिनाभर तरी अंथरू नका.